मराठी बायबल: भाषांतरं पुष्कळ, टीपा थोड्या

ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात बायबल मागितलं की दुकानदार विचारतो, टाइप मोठा हवा की लहान, चेनचं कव्हर हवं का, भेट द्यायचंय की स्वतःला. कोणतं भाषांतर हवं, हे तो विचारत नाही. गिऱ्हाईकही विचारत नाही. मराठी घरांत बायबल म्हणजे उपासनेत वाचलं जातं ते, आजोबांच्या उशाशी असायचं ते. ते कुणीतरी भाषांतरित केलंय, त्या कुणाला तरी जागोजागी निर्णय घ्यावे लागलेत, आणि दुसऱ्या कुणी तिथे वेगळे निर्णय घेतलेत, याची जाणीव फारच थोड्यांना असते.

इंग्रजी वाचकाची तऱ्हा उलटी. १६११ चं किंग जेम्स, १९७८ चं न्यू इंटरनॅशनल, १९८९ चं न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्ड, २००१ चं इंग्लिश स्टँडर्ड यांवर तिकडे पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली आहेत, मंडळ्यांमध्ये फूट पडण्याइतके वाद झाले आहेत. त्या वादांत आंधळेपणा पुष्कळ असतो. पण वाद घालणाऱ्या माणसाला आपल्या हातातल्या पुस्तकाची कुळकथा ठाऊक असते. आपल्याकडे वाद नाहीत, कारण तुलनाच नाही.

आणि तुलना करायला ऐवज नाही असंही नाही. आज मराठीत पूर्ण बायबलची निदान पाच-सहा भाषांतरं छापील किंवा मोबाइलवर मिळतात. माझं म्हणणं एवढंच आहे की आता सातव्या भाषांतराची घाई नको. आहे त्या भाषांतरांना टीपा हव्यात, प्रामाणिक प्रस्तावना हव्यात आणि दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचणारे वाचक हवेत.

या भाषेत बायबलची गोष्ट सांगणारा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण'. १६१६ साली गोव्यात राशोल इथे छापलेलं, दहा हजारांवर ओव्यांचं. मराठी वाङ्मयात त्याची जागा पक्की आहे. पण ते भाषांतर नव्हे, पुराण आहे: कथा निवडलेली, रचलेली, श्रोत्यांसमोर मांडलेली. बायबलच्या अभ्यासासाठी त्याचा आधार घेऊ नये, रसासाठी मात्र जरूर घ्यावा.

भाषांतराला खरी सुरुवात झाली ती महाराष्ट्राबाहेर, बंगालमधल्या श्रीरामपूरला. विल्यम कॅरी आणि फोर्ट विल्यम कॉलेजातले पंडित वैजनाथ यांनी १८०५ मध्ये मत्तयचं शुभवर्तमान काढलं आणि १८११ मध्ये नवा करार मोडी लिपीत. ती मराठी अवघडलेली होती, आणि मराठी मुलुखापासून इतक्या दूर बसून केलेल्या कामाकडून आणखी काय अपेक्षा करणार? मग मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने काम हाती घेतलं. गॉर्डन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मेहनतीतून १८२६ मध्ये नवा करार बाहेर पडला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपूर्ण बायबल मराठीत आलं. पुढची सगळी वाटचाल समित्यांची: सुधारणा, पुन्हा सुधारणा. या समित्यांमध्ये मिशनरींची नावं ठळक छापली गेली आणि पंडितांची बहुधा गाळली गेली, हे एकोणिसाव्या शतकाच्या रिवाजाला धरूनच झालं. पण शब्द कुणी पुरवले हे मजकूर वाचताना लपत नाही. त्या मराठीवर पंतोजींचा, पोथीचा आणि पुराणिकाचा हात फिरलेला दिसतो.

जुन्या कराराला मराठीत आणखी एक वाचकवर्ग होता, तो आपण विसरतो. कोकणातला ज्यू समाज, बेने इस्राएल. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरणाचं पुस्तक मराठीतून लिहिलं ते या समाजाच्या उपयोगासाठी. मुंबईत १८४६ मध्ये वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा मराठी भाषांतरासह छापली गेली. पुढे जोसेफ यहेज्केल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. म्हणजे हिब्रूतून थेट मराठीत येण्याचा रस्ता ख्रिस्ती मिशनांच्या बरोबरीनेच तयार होत होता. त्या रस्त्याचा मराठी बायबलला पुरेसा उपयोग करून घेता आला नाही, असं मला वाटतं.

या सगळ्यात एक काम मात्र समितीचं नाही, एका व्यक्तीचं आहे. पंडिता रमाबाईंचं. ज्या बाईला कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये संस्कृतच्या प्रभुत्वासाठी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, तिने बायबलचं भाषांतर करताना संस्कृत बाजूला सारायचं ठरवलं. त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नुकतीच झालेल्या मुली आणि बाया होत्या. प्रचलित बायबलचे तत्सम शब्द त्यांच्या डोक्यावरून जात होते. रमाबाईंची दुसरी तक्रार अधिक खोल होती: त्या शब्दांतून वेदान्ताचा आणि पुराणांचा अर्थ मागच्या दाराने आत येतो, आणि वाचणारीला नवं काही वाचतोय असं वाटतच नाही. ही तक्रार त्यांनीच करावी यात वजन आहे. त्या शब्दांची कुळं त्यांच्याइतकी जवळून कुणालाच ठाऊक नव्हती.

त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कोश जुळवले, आणि विसाव्या शतकाची पहिली दोन दशकं संस्थेचा गाडा ओढता ओढता हे काम करत राहिल्या. टाइप जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्याही मुक्तीतल्याच बाया होत्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. शेवटची मुद्रितं तपासून झाली आणि मगच त्यांनी डोळे मिटले, असं सांगतात. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. मूळ भाषांवरून अख्खं बायबल एकटीने भाषांतरित करणाऱ्या बाया जगात मोजक्याच. अमेरिकेतल्या ज्युलिया स्मिथने १८७६ मध्ये इंग्रजीत ते केलं होतं. रमाबाईंचं नाव त्या रांगेत घेतलं जायला हवं.

पण गौरव एकीकडे आणि परीक्षण दुसरीकडे. रमाबाईंचं भाषांतर सोपं आहे, हे अर्धंच खरं. शब्द सोपे आहेत, वाक्यं नाहीत. मूळ वाक्याची ठेवण सोडायची नाही असा त्यांचा हट्ट असल्यामुळे मराठी वाक्य अनेकदा अडखळतं, आणि मोठ्याने वाचताना दम लागतो. स्तोत्रांत तर हे फारच खटकतं. ज्या बायांसाठी हे केलं त्यांना ते किती सुगम वाटलं असेल, याबद्दल मला शंका आहे. गंमत अशी की आजच्या अभ्यासकाला हाच अवघडपणा उपयोगी पडतो. मुळात काय आहे आणि भाषांतरकाराने पदरचं काय घातलंय, यातली भिंत इथे पातळ आहे. उपासनेला नको, पण टेबलावर हवं असं हे पुस्तक आहे. आणि ते आज सहजासहजी मिळत नाही, ही लाजेची गोष्ट आहे.

आता बाजारात आहे त्याकडे वळू. सगळ्यात रुळलेलं ते बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं 'पवित्र शास्त्र', ज्याला पाळक आणि वाचक दोघंही नुसतं आर.व्ही. म्हणतात. अलीकडे त्याची पुनर्संपादित आवृत्तीही आली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांची जीभ याच पुस्तकावर घडली. नारायण वामन टिळकांच्या गीतांनी ख्रिस्ती मराठीला गोडवा दिला, तर आर.व्ही.ने तिला चौकट दिली. ते बऱ्यापैकी शब्दनिष्ठ आहे, परिभाषा साधारण एकसारखी ठेवतं, आणि एखाद्या शब्दाचा माग काढत पुस्तकभर हिंडायचं असेल तर दगा देत नाही. दोष म्हणाल तर सवयीचा. 'नीतिमान ठरणे', 'तारण', 'अभिषिक्त' हे शब्द मंडळीत वाढलेल्याला इतके अंगवळणी पडलेत की तो अर्थ न लावताच पुढे जातो, आणि बाहेरचा वाचक पहिल्याच पानावर थबकतो.

दुसऱ्या टोकाला 'ईझी टू रीड' पद्धतीचं मराठी बायबल. ही पद्धत मुळात इंग्रजीत कर्णबधिर वाचकांना डोळ्यांपुढे ठेवून तयार झाली: वाक्य छोटं, कल्पना एका वेळी एक. पहिल्या वाचनाला, किशोरवयीन मुलांना ते चांगलं. अभ्यासाला एकटं घेऊ नये. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात तिसऱ्या ओवीपासून चौदाव्यापर्यंत ग्रीकमध्ये सलग एकच वाक्य आहे. पौलाचा श्वास तिथे तुटत नाही, एका गोष्टीतून दुसरी उलगडत जाते. त्याचे पंधरावीस तुकडे केले की प्रत्येक तुकडा कळतो आणि पौल हरवतो.

मधल्या जागेत दोन-तीन भाषांतरं आहेत. बायबल सोसायटीचंच सोप्या भाषेतलं, कॉमन लँग्वेज म्हणून ओळखलं जाणारं. मुक्त परवान्याने मिळणारं इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन, ज्याचा तोंडवळा जुन्या बायबलचाच पण भाषा किंचित मोकळी. त्याचा मोठा गुण म्हणजे ते कुणालाही उतरवून घेता येतं, छापता येतं, त्यावर टीपा लिहिता येतात. आणि बिब्लिका या संस्थेची 'समकालीन आवृत्ती', जिच्याबद्दल पुढे सांगतो.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या 'सुबोध बायबल'ला मी यांच्या रांगेत बसवणार नाही. वसईच्या या लेखकाचं पुस्तक २०१० मध्ये आलं, त्याला साहित्य अकादमीचा भाषांतर पुरस्कार मिळाला, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं त्यामागे या कामाचा मोठा वाटा होता. मराठी बायबल चर्चच्या कुंपणाबाहेरच्या वाचकाच्या हाती देण्याचं काम त्यांच्याइतकं कुणी केलं नाही. मराठी गद्य म्हणून ते वाचावंसं वाटतं, आणि पार्श्वभूमी समजावून देण्याची कळकळ पानोपानी आहे. पण 'सुबोध' होण्याची किंमत असते. मुळातली खाच, गाठ, द्व्यर्थ बऱ्याच ठिकाणी गुळगुळीत झाला आहे. आख्यानं आणि शुभवर्तमानं त्यात वाचावीत. पौलाची पत्रं अभ्यासायची असतील तर शेजारी दुसरं पुस्तक लागेल.

समकालीन आवृत्तीचं वेगळेपण पहिल्या पानावरच दिसतं. तिथे देवाचं हिब्रू नाव 'याहवेह' असं ठेवलं आहे, जिथे आर.व्ही.त 'परमेश्वर' आहे. त्याहून मोठा फरक क्रियापदांत आहे. आर.व्ही.त 'येशू म्हणाला', समकालीनमध्ये 'येशू म्हणाले'. ग्रीकला आदरार्थी बहुवचन नाही, हिब्रूला नाही, आजच्या इंग्रजीलाही नाही. म्हणून इंग्रजीतून आलेली भाषांतर-चर्चेची पुस्तकं या प्रश्नाबद्दल बहुतांशी मुकी आहेत. मराठी भाषांतरकाराला मात्र पानोपानी याचा निवाडा करावा लागतो, आणि मराठी बायबलांच्या तुलनेत माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे.

वरवर पाहता समकालीनचा निर्णय अदबीचा वाटतो. आज सभ्य मराठीत ज्याचा मान राखायचा त्याला एकवचनात बोलत नाहीत. पण मराठीची रीत इतकी सरळ नाही. राम वनात गेला, कृष्णाने गोवर्धन उचलला, विठोबा विटेवर उभा आहे: देवाला आपण एकवचनात ठेवतो. बहुवचन देतो ते महाराजांना, गुरूंना, संतांना, सासऱ्यांना. देवाला 'तू' म्हणणं ही जवळीक आहे, आणि ती वारकऱ्याला शिकवावी लागत नाही. म्हणजे 'येशू म्हणाला' लिहिणारा त्याला नकळत देवाच्या रांगेत ठेवतो, आणि 'येशू म्हणाले' लिहिणारा सद्गुरूच्या. दोन्ही भाषांतरकारांना हे अभिप्रेत असेल असं नाही. आता प्रवचनांत आणि दूरदर्शन मालिकांत 'श्रीकृष्ण म्हणाले' रूढ झालंय, तेव्हा पुढच्या पिढीला हा फरक जाणवणारही नाही कदाचित. तरी आज तो जाणवतो, आणि माझा कौल एकवचनाला आहे. कथेतल्या बाकीच्यांकडे पाहिलं तर हे आणखी पटतं. पिलात येशूला काय म्हणेल, 'तू' की 'आपण'? परूशी लोक सापळा लावायला येतात तेव्हा? शिष्य? शमरोनी बाई विहिरीवर पहिल्यांदा बोलते तेव्हा, आणि संभाषणाच्या शेवटी? ग्रीकमध्ये सगळीकडे एकच सर्वनाम आहे. मराठीत प्रत्येक जागी भाषांतरकार त्या माणसाचा स्वभाव ठरवतो. योहानाचा चौथा अध्याय दोन भाषांतरांत शेजारी ठेवून फक्त सर्वनामांवर बोट ठेवत वाचा. एका बैठकीत जितकं कळेल तितकं जाड टीकाग्रंथातूनही कळत नाही.

'आम्ही' आणि 'आपण' यांचंही तसंच. ग्रीकमध्ये भेद नाही, मराठीला तो टाळता येत नाही. वादळात नावेत झोपलेल्या येशूला शिष्य उठवतात आणि बुडत असल्याचं सांगतात (मार्क ४:३८). 'आम्ही' बुडतोय की 'आपण' बुडतोय? पहिल्यात गाऱ्हाणं आहे, दुसऱ्यात सगळ्यांचीच धास्ती आहे. पहिल्यात शिष्यांनी येशूला आपल्यातून वेगळं काढलंय. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात तर पौल पानोपानी 'आम्ही' म्हणजे मी आणि माझे सहकारी, की तुम्हीही धरून, यात इकडून तिकडे सरकतो. इंग्रजी वाचकाला हे दिसतच नाही. मराठी वाचकाला प्रत्येक ओवीत उत्तर तयार मिळतं, पण ते उत्तर भाषांतरकाराचं आहे, पौलाचं नाही, हे त्याला कुणी सांगत नाही. अशा जागी एका ओळीची तळटीप पुरे.

आणखी एक शब्द, आणि मग शब्दांचा विषय सोडतो. फिलेमोनास पत्र एका पानाचं आहे. मालकाकडून निघून गेलेल्या अनेसिमाला पौल परत पाठवतो आहे. तो ग्रीकमध्ये सरळ गुलाम आहे, विकत घेतला जाणारा. मराठी बायबलच्या जुन्या परंपरेला तिथे 'दास' हा शब्द सहज सुचतो. पण मराठीत दास म्हटलं की कानात रामदास वाजतो, भक्ताची नम्रता वाजते. साखळदंड वाजत नाही. ज्या समाजातून अहमदनगर आणि जालन्याकडच्या कितीतरी ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या, त्या दलित वाचकांसाठी हा फरक पुस्तकी नाही. गावकुसाबाहेर वेठ करणाऱ्याला 'दास' शब्द खोटा वाटला असता. फिलेमोनात 'गुलाम' म्हणणारं भाषांतर मला अधिक खरं वाटतं, मग ते कानाला कितीही खरखरीत लागो.

मराठीतला सगळ्यात मोठा अभाव मूळ संहितेच्या प्रश्नांबद्दल आहे. बायबल कुठल्या हस्तलिखितांवरून आलं, त्यांत फरक कुठे आहेत, याबद्दल इंग्रजी अभ्यास-आवृत्त्या तळटीपांत बऱ्यापैकी मोकळेपणाने सांगतात. मराठीत समकालीन आवृत्ती अशा टीपा देण्याचा प्रयत्न करते, बाकीच्यांत हात आखडता आहे, आणि मोबाइलवर तर टीप असली तरी ती एका चिमुकल्या चिन्हामागे दडते. यामागे भीती आहे, असं मला वाटतं: वाचकाला शंका दाखवली तर श्रद्धा डळमळेल. पण हीच माहिती त्याला उद्या एखाद्या व्हिडिओतून, खवचट सुरात मिळणार असेल, तर ती आपल्या बायबलच्या तळाशी शांतपणे मिळालेली काय वाईट?

म्हणून नवं भाषांतर घेण्यापूर्वी काही जागा उघडून पाहाव्यात. मार्कचा शेवट: चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही प्रतींत हे शुभवर्तमान १६:८ वर संपतं. पुढच्या बारा ओव्यांबद्दल तुमचं बायबल काही म्हणतं का? व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट (योहान ७:५३ ते ८:११) जुन्यात जुन्या ग्रीक प्रतींत नाही. तिला कंस तरी आहे का? १ योहान ५:७ मध्ये स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचा मजकूर दिसला, तर समजा की भाषांतराच्या पाठीमागे सोळाव्या शतकातली इरॅस्मसच्या वळणाची ग्रीक संहिता आहे, आजची नव्हे. जुन्या करारात १ शमुवेल १३:१ पाहा. शौल राजा झाला तेव्हाचं त्याचं वय हिब्रू प्रतीत गळालेलं आहे. काही भाषांतरकार तिथे एखादा आकडा बसवतात, काही जागा रिकामी सोडतात. आकडा आहे आणि टीप नाही, तर ती थाप आहे, सद्हेतूने मारलेली असली तरी. आणि १७:४ मध्ये गल्याथाची उंची: परंपरागत हिब्रूत सहा हात एक वीत, म्हणजे नऊ फुटांवर. जुन्या ग्रीक भाषांतरात आणि कुमरानच्या गुहेत सापडलेल्या शमुवेलाच्या गुंडाळीत चार हात एक वीत, म्हणजे पावणेसात फुटांच्या आसपास. दाविदाची गोष्ट दोन्हींत तितकीच चांगली आहे. पण हा फरक आहे, हे मराठी वाचकाला कळायला हरकत काय?

रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायाकडेही जाऊन यावं. तिथे पहिल्या ओवीत फिबीला पौल जे पद देतो तेच तो इतरत्र पुरुषांना देतो. तिला 'सेविका' करून टाकलंय की तिचं पद राखलंय? सातव्या ओवीतलं युनिया हे नाव बाईचं छापलंय की पुरुषाचं? सदनात ज्यांनी बायांकडून बायबल जुळवून घेतलं त्या रमाबाईंच्या भाषेत तरी हा प्रश्न टाळला जाऊ नये.

कॅथलिक वाचकाने आणखी एक गोष्ट बघायची. त्याच्या परंपरेत जुन्या कराराची ४६ पुस्तकं, प्रॉटेस्टंटांच्या ३९. तोबीत, यूदीथ, मक्काबी ही पुस्तकं हवी असतील तर अनुक्रमणिका उघडूनच पुस्तक घ्यावं. जुन्या कॅथलिक पुस्तकांत बहुतेक स्तोत्रांचे क्रमांकही एकाने मागे असतात: आपलं तेविसावं स्तोत्र तिथे बाविसावं. संदर्भ जुळत नाही म्हणून गोंधळू नये.

वऱ्हाडीत आणि अहिराणीत नवा करार झालाय, याचाही उल्लेख करायला हवा. त्यांना बोलीतली गंमत म्हणून बाजूला टाकू नये. येशू गालीलचा, राजधानीपासून दूरच्या भागातला, आणि त्याच्या शिष्याची बोली यरुशलेमच्या अंगणात ओळखू येते, असं शुभवर्तमानच सांगतं. प्रमाण मराठीत ते सगळं एका पातळीवर येतं. खानदेशी कानाला अहिराणीतले दृष्टान्त ऐकवून पाहा. अभ्यासाच्या टेबलावर याला तिसरं पुस्तक म्हणून जागा द्यायला मी तयार आहे.

मग कोणतं घ्यावं? एक घेऊच नये, दोन घ्यावीत. रोजच्या अभ्यासाला आर.व्ही. धरावं, कारण त्याचे शब्द स्थिर आहेत आणि मराठीत जी काही संदर्भसाधनं आहेत ती त्याच्याभोवती जमली आहेत. शेजारी समकालीन आवृत्ती ठेवावी, तिच्या तळटीपांसाठी आणि तिच्याशी भांडण्यासाठी. सलग वाचायला, विशेषतः बायबल पहिल्यांदाच हातात घेणाऱ्या बिगरख्रिस्ती वाचकाला, सुबोध बायबल द्यावं. इंग्रजी येत असेल तर एक सटीप इंग्रजी आवृत्तीही असू द्यावी, पण ती मराठीच्या जागी नको: 'आपण' आणि 'आम्ही', 'तू' आणि 'तुम्ही' हे ज्या भाषेत कळतं त्या भाषेत वाचण्याचा फायदा सोडू नये.

प्रकाशकांना एकच विनंती. रमाबाईंचं बायबल आज स्वामित्वहक्काच्या बंधनातून मोकळं आहे. ते नव्याने अक्षरजुळणी करून, त्यांचे जुने शब्द समजावणाऱ्या टीपांसह आणि त्यांचे निर्णय का, कसे, हे सांगणाऱ्या प्रस्तावनेसह छापा. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आणि धर्मशास्त्राच्या महाविद्यालयांनी मिळून करावं असं हे काम आहे. तोवर वाचकाने आपल्या बायबलच्या समासात पेन्सिलीने टीपा लिहायला सुरुवात करायला काहीच हरकत नाही.